माय, तुझी वाटी आतच ठेवली

प्रिय माय,

आज तुझ्या वाटीतलं मी खाल्लं. सगळं! पाकाचा थेंबही ठेवला नाही. हे तुले सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहून राहिलो.

इथं मलेशियात आज चिनी लोकांचा दोंगझी, म्हणजे भर हिवाळ्याचा सण. हिवाळा नावालाच, अंगाले घामाच्या धारा! पण यांचे पूर्वज जिथून आले तिथं बर्फ पडायचा, म्हणून पोरं अजून पाळतात. आपल्या वरूडात आता शेकोट्या पेटल्या असतील ना? संत्र्यांचे ट्रक भरून राहिले असतील.

आज घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून चिकट तांदळाच्या पिठाचे गोळे वळायचे, पांढरे नि गुलाबी. आल्याच्या गोड पाकात टाकायचे. गोल गोळा म्हणजे घर जमलं. तो खाल्ला की माणूस एका वर्षानं मोठा होते म्हणे! मी नूडलच्या हॉटेलातला भांडीवाला, पण मालकाची आई मलेही बसवते. सगळे तिले पोपो म्हणतात, पोपो म्हणजे आजी.

माय, मालकाच्या गोळ्यांले भेगा, सुनेच्या गोळ्यांले भेगा. माझ्या एकालेही नाही! कशी पडेल वं? गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजताना तू माझ्या पाठीत धपाटा घालायचीस, "भेग पडली तं राख आत जाईन, बयताडा!" वरूडात पंगत असली की लोक आधी तुले विचारायचे, मग दिवस ठरवायचे. गोदाबाईचे रोडगे नसले तं पाव्हणे तोंड वाकडं करायचे. मी सहावीत शाळा सोडली, पण ही तुझी शाळा पुरी केली.

गोळे झाले की पहिल्या वाट्या गेलेल्या माणसांच्या. तुझ्या दहाव्याले मी पोचू शकलो नाही. ताईचा फोन आला होता, "कावळा शिवतच नोता रे. मामा म्हणे, तुयातच जीव अडकला तिचा." तेव्हापासून एकच घोर. माय उपाशी तं गेली नाही ना?

म्हणून एक वाटी उचलली नि मागच्या भिंतीवर ठेवली. कावळे इथंही आहेत.

मागून पोपो आली, हातात डाव घेऊन. तिची मलय मोडकी, माझी त्याहून मोडकी, पण मले सगळं आपल्याच बोलीत ऐकू आलं.

"कोणाची वाटी हे?"

"माया मायची. यंदाच गेली."

"मंग बाहेर कावून ठेवली? माय भिकारीण हाय काय तुयी?"

"कावळ्यासाठी, पोपो."

"कावळ्यानं वळले काय गोळे? चाल, आण आत!"

तिनं तुझी वाटी देव्हाऱ्यातल्या आपल्या नवऱ्याच्या फोटोजवळ मांडली. नाव विचारलं. उदबत्ती लावून मोठ्यानं म्हणाली, "गोदाबाई!" मग त्यांच्या भाषेत बरंच काही. मालकानं मले सांगितलं, "म्हणते, तुझ्या पोराचा हात चांगला आहे. ये, बस."

माय, तू कधी अकोल्यापलीकडं गेली नाहीस. नि आज तुझं नाव समुद्रापलीकडं, परक्यांच्या देव्हाऱ्यापुढं घेतलं गेलं! माझी छाती अशी फुगली की डोळ्यांतलं पाणी पुसायचंही ध्यानात राहिलं नाही.

उदबत्ती विझल्यावर पोपोनं तीच वाटी माझ्यापुढं सरकवली. "खा."

"हे तं मायचं हाय!"

"तिचं झालं. आता पोराले देऊन राहिली."

तू हेच करायचीस ना? ताटातला रोडगा माझ्याकडं सरकवून, "मायं पोट भरलं, खा तू." जन्मभर माझ्याआधी कधी जेवली होतीस का? मग कावळा शिवेल तरी कसा! तू माझी वाट पाहत होतीस. माझं पोट भरल्यावरच तू घास घेणार. मामाले एवढंही कळू नये?

तू एकदा तरी तोंडावर शाबास म्हणायला पाहिजे होतं वं. शेजारणींपुढं माझी तारीफ, माझ्यापुढं नुसते धपाटे! आज पोपोच्या तोंडून वसूल केलं मी.

नांदगाव पेठेची मिल सोडली, अकोल्याचं दुकान सोडलं, म्हणून तू म्हणायचीस, पायाले भिंगरी हाय पोट्ट्याच्या. ती अजून थांबली नाही. पण पुढच्या हिवाळ्यात घरी येतो. अंगणात आर पेटवीन, रोडगे मी वळीन. ताईले बोलवीन, मामालेही. तुझं ताट बाहेर नाही, माझ्या शेजारी. आणि मग तुझ्या ताटातला रोडगा मीच खाईन, पोट फुटेस्तोवर.

तुझा जेवलेला,
बबन्या