राखेची आणि घराची व्यवस्था

मी, यशोधरा सुहास ओव्हाळ, वय बासष्ट, धर्म बौद्ध, निवृत्त भूशास्त्रज्ञ, राहणार कुसगाव, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते. डोके शाबूत आहे, फुप्फुसे राखेने खाल्ली. डॉक्टर म्हणाले, काय ते दिवाळीच्या आत उरका. म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही.

कलम १. राहते घर माझे पती सुहास हौशीराम ओव्हाळ यांच्या नावावर आहे. २००७ साली इंडोनेशियातल्या एका ज्वालामुखीच्या विवराशी ते वायू मोजण्याचे यंत्र बसवत असताना स्फोट झाला. तेव्हापासून ते बेपत्ता आहेत. परत आल्यास घर त्यांचे. न आल्यास माझा हिस्सा मुलगी स्नेहल हिला मिळावा. वकील ज्योत्स्नाताई म्हणतात, असे लिहिलेत तर घर लटकत राहील, स्नेहलच्या हाती काही लागणार नाही. कोर्टातून मृत्यू जाहीर करून घ्या. त्यांचे खरे आहे. पण माझ्या सासूबाई शालूबाई (मी त्यांना आई म्हणते), वय अठ्ठ्याऐंशी, लेकाची वाट बघत याच घरात बसल्या आहेत. त्यांच्या कानावर 'मयत' हा शब्द पडू नये, एवढ्यासाठीच मी इतकी वर्षे दाखला काढला नाही.

कलम २. मला स्वतःला शंका नाही. मी खालच्या निरीक्षण केंद्रात होते. वायरलेसवर सुहास म्हणाला, "यशू, वास वाढलाय, खाली येतो," आणि डोंगर फुटला. तापलेल्या राखेचा लोट उतारावरून किती वेगाने येतो याची गणिते मीच मांडत असे. त्या दिवशी मांडावी लागली नाहीत. पुढे नोकरी संपेपर्यंत मी त्याच राखेचा अभ्यास केला. विहिरींत फ्लोराइड उतरून गुरांचे दात कसे झिजले, आम्ल पावसाने पाने कशी करपली, आभाळ राखेने झाकून भात कसा पोचट राहिला, सगळे मांडले. लोक म्हणत, बाई धीराची. धीर कसला? त्याच्याजवळ राहण्याची मला तेवढीच जागा उरली होती.

कलम ३. राखेचे सर्व नमुने विद्यापीठाच्या विभागाला द्यावेत. वरच्या फळीवरची बरणी मात्र द्यायची नाही. ती मी दुसऱ्या दिवशी केंद्राच्या पत्र्यावरून हाताने गोळा केली. तिची तपासणी मी केली नाही, कोणी करू नये. ती माझ्याबरोबर चितेवर ठेवावी.

कलम ४. आमच्या प्रकल्पप्रमुखांनी शोधनिबंधात त्या दिवसाची नोंद 'एका यंत्राची हानी' अशी केली. सुहासचे नाव शेवटी आभारात आले, तेही डबे पुरवणाऱ्याच्या खाली. त्या गृहस्थांकडून माझ्यासाठी फुलेसुद्धा घेऊ नयेत.

कलम ५. चुलत दीर पवन भावजी दर पावसाळ्यात एक हॉटेलवाला घेऊन येतात. "वहिनी, दाखला काढून टाका, जागेला सोन्याचा भाव आलाय." त्यांना ओसरीतली लोखंडी खुर्ची द्यावी. बसून बसून ती त्यांचीच झाली आहे. माझा हातोडा स्नेहलला. तिने आयुष्यात दगड फोडला नाही, पण खिळे ठोकायला होईल.

कलम ६. घाटातून धुके वर आले की सुहास अंगणात येतो. डोक्यापासून पायापर्यंत राखाडी, पायांत बूट नाहीत. आत येत नाही, नुसता दाराकडे बघत राहतो. हे शास्त्रात बसत नाही, हे मला कोणी शिकवू नये. तो आला की मला भीती वाटते. नाही आला तर जास्त वाटते. त्या वेळी आईही दाराकडे बघत असतात, म्हणजे त्यांनाही दिसत असावा. दाराची कडी त्याच रोज काढून ठेवतात. माझ्या मागे कडी लावू नये.

कलम ७. इथपर्यंतचा मजकूर ज्योत्स्नाताई मला वाचून दाखवत होत्या. आई झोपल्यात अशी आमची समजूत. त्या भिंतीला धरून बाहेर आल्या.

"बेपत्ता कशापायी लिवलंस? माझं पोर गेलं. टीव्हीवर ती राख बघितली तवाच मला कळलं व्हतं."

मी विचारले, "मग आई, रोज कडी का काढून ठेवता?"

"तुला दिसतो न्हवं? मला कवाच न्हाई दिसला. तू दाराकडं बघतीस म्हून मी बी बघायची. म्हटलं, तुजा आधार मोडाया नगं."

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता तू बी निगालीस. तुज्या मागं कुनासाटी काढू कडी?"

कडीचे काय करायचे ते मी त्यांच्यावर सोडते. सुहासचा मृत्यूनंतरचा, इतकी वर्षे राहिलेला जलदान विधी येत्या पौर्णिमेला, मी असतानाच करायचा. भन्तेजींना निरोप गेला आहे.

दुरुस्ती: कलम १ मधील 'बेपत्ता' खोडून 'मयत' असे वाचावे. 'परत आल्यास घर त्यांचे' हे वाक्य आणि पुढचे 'न आल्यास' हे शब्द रद्द. दुरुस्तीशेजारी माझी सही आहे.

स्थळ: कुसगाव
दिनांक: १२ सप्टेंबर २०२५

(सही) यशोधरा सुहास ओव्हाळ

आमच्या समोर सही केली:
१. ज्योत्स्ना वाघमारे, वकील, लोणावळा
२. गोरख दळवी, शेजारी, कुसगाव

साक्षीदारांचा शेरा: कलम १ मधील दुरुस्तीवर शालूबाई हौशीराम ओव्हाळ यांचा अंगठा आहे. त्याची कायद्याने गरज नाही, असे आम्ही त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "पोर माझं हाय," आणि शाईची डबी जवळ ओढली.