पिठाच्या डब्याला टेकवलेलं ग्रीक

नाना,

तुमच्या नातीने आज अर्थ सांगून टाकला. मी भाकरी थापत होते, तोंडाने सवयीनं चाललं होतं, एल्पिस, एल्पिदोस, एल्पिदि, आणि ती मोबाईलवर बघून म्हणाली, "आई, हे तर होप आहे. आशा." अशी भडकले मी! "तुला कुणी विचारलं होतं गं?" तव्यावरची भाकरी करपली. तिला बिचारीला काय माहीत, इतकी वर्षं मी तो अर्थ मुद्दाम बघितला नव्हता.

तारनाक्याच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर. आईची सकाळची ड्यूटी, म्हणून तव्याशी तुम्ही, आणि कोठी बाजारातल्या फुटपाथवर मिळालेलं जुनं ग्रीकचं पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवलेलं. ऑफिसातले चिडवायचे, "क्या साब, सिकंदर कू चिठ्ठी लिखना है क्या?" तुम्ही हसायचात आणि घरी येऊन मला नामं चालवायला लावायचात. आधी सगळ्या विभक्ती तोंडपाठ, अर्थ शेवटी. "अर्थ आधी कळला तर रूपांकडे बघतंय कोण?" मी रडकुंडीला यायचे. पण मग तो अर्थ काय गोड लागायचा!

हा शब्द तुम्ही दवाखान्यात दिलात. मी कॉटशी बसून म्हणते आहे, अनेकवचनात जरा अडखळते, मग "एल्पिसि" म्हणते. तुम्ही डोळे मिटूनच म्हणता, "उद्या. उद्या परत म्हण, मग अर्थ सांगतो." उद्या तुम्ही नव्हतात. फार राग आला होता मला तुमचा. तरी पुस्तक उघडलं नाही. अर्थ बाकी आहे तोवर शिकवणी संपली नाही, असं धरून बसले.

थोड्या वेळाने पोरगी जवळ आली. "नुसती आशा नाही गं. पुढे काय होणार याची वाट बघणं, बरं असो की वाईट, असंही लिहिलंय." मग म्हणाली, "मला शिकव ना चालवायला." मराठी वाचायचा हिला कंटाळा, आणि ग्रीक शिकव म्हणते! नोकरीमुळे गच्चीबावलीला राहते, रविवारची येते, संध्याकाळी निघणार होती. बसवलं समोर. एकवचन झालं, अनेकवचनात थांबली, माझ्याकडे बघत म्हणाली, "एल्पिसि?"

"उद्या," मी म्हटलं. "उद्या परत म्हण."

राहिली ती. आत्ता आत झोपली आहे. हे पत्र कुठे टाकणार, राहील डब्याखाली. एवढंच सांगायचं होतं, नाना, की तिचं 'एल्पिसि' बरोबरच होतं. मला ती उद्याही हवी होती.