सहा कोंबड्या परत नेण्याबाबत

सौ. वन्सं यांस,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? आम्ही मजेत आहोत असं पत्राच्या आरंभी लिहायचं असतं, ते लिहून टाकते, म्हणजे पुढे खरं लिहायला मोकळी. तुमच्या दादांचा उजवा हात आता चमचा धरतो, काठी घेऊन परसदारापर्यंत चालणंही होतं. बोलणं मात्र नाही. झटका येऊन आठ महिने झाले. बोलायला शिकवणाऱ्या बाई दर मंगळवारी चित्रं दाखवतात, ‘हे काय आहे, आजोबा?’ म्हणून विचारतात, आणि हे भिंतीकडे बघतात. बाईंचं म्हणणं, शब्द आत शाबूत आहेत, यांना ते बाहेर काढायचे नाहीत. (कोणासाठी काढायचे नाहीत, हे बाईंनी सभ्यपणाने सांगितलं नाही. घरात मी एकटीच असते.)

रविवारी येऊन कोंबड्या नेते, असं तुम्ही फोनवर म्हणालात. अवश्य न्या. सहाच्या सहा न्या, अकराच्या आत न्या. ‘पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, वहिनी’ असं म्हणून तुम्ही त्या ठेवून गेलात, त्याला आता चौथा महिना लागला. सोबत तुमची ती दोन पानी यादी. औषध नको, फवारा नको, सगळं नैसर्गिक. पहिल्या दिवशी मी ती आठव्या कलमापर्यंत वाचली, आणि वास सहन होईना म्हणून सहाही जणींना कोमट पाण्याने साबण लावून न्हाऊ घातलं. ‘कोंबडीला साबणाने कधीही धुऊ नये, ती मातीत लोळून आपली आपण स्वच्छ होते’ हे कलम अकरावं. असली गोष्ट पहिल्या क्रमांकावर लिहायची असते, वन्सं. ओल्या पोतेऱ्यासारख्या सहा जणी पायरीवर कुडकुडत बसल्या आणि मी दुपारभर एकेकीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले.

मग अकराव्या कलमाबरहुकूम राख चाळली, कोरडी माती चाळली, निम्मी निम्मी मिसळून टबात घातली. त्यात लोळलं की पिसांतल्या उवा जातात म्हणे. एकीनेही टबाकडे ढुंकून पाहिलं नाही. माझ्या रोपांच्या वाफ्यात मात्र सहा खड्डे पाडले, दर डोई एक, आणि त्यात तंगड्या पसरून अशा पडल्या की शेजारीण कुंपणावरून ‘मेल्या का हो सगळ्या?’ म्हणून विचारायला आली. शेवटी टबच वाफ्यात ओतला. खुराड्याला आतून चुना दिला. तळाला सुका पाला घालते, तो शनिवारी बदलते, ओला झाला तर त्याच दिवशी. विष्ठा रोज तपासते. (रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालेली बाई रोज सकाळी कंबर वाकवून कोंबडीची विष्ठा वाचते. कॉलेजच्या मैत्रिणींना कळवू नका.)

आता कलम चौदा. पिण्याच्या पाण्यात लिटरला चमचाभर व्हिनेगर. चमचा सपाट की शिगोशीग, ते लिहिलेलं नाही. मी सपाट धरला. प्लास्टिकचं भांडं तडकलं होतं, म्हणून ते पाणी यांच्या घमेल्यात ठेवलं. तेच ते, बादल्यांच्या कारखान्यातून निवृत्त होताना यांना मिळालेलं, आजवर कोणी हात न लावलेलं, चकचकीत. एकतीस वर्षं यांनी तिथे पत्र्याला जस्ताचा मुलामा दिला, आणि त्या जस्तावर मी, पदवीधर बाईने, आम्ल ओतलं. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल की जस्त पाण्यात उतरणार. मला नाही सुचलं. मी चमचा सपाट करत होते.

तिसऱ्या दिवशी ठिपक्यांची कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली. दाणा नाही, अंडं नाही. मी ओट्याशी तिच्यासाठी लसूण ठेचत होते (कलम सहा), एवढ्यात परसातून पुरुषाचा आवाज आला. मला वाटलं, मीटर बघणारा आला.

‘पिऊ नकोस गं ते. जस्त उतरलंय त्यात.’

आठ महिन्यांतलं पहिलं वाक्य, वन्सं, आणि ते कोंबडीला. तीन दिवस मी ते घमेलं यांच्या खुर्चीला घासून नेत होते, भरत होते, ठेवत होते. तेव्हा मला सांगायला काय झालं होतं? धावत जाऊन पाणी ओतून दिलं, चिनी मातीच्या भांड्यात ताजं ठेवलं, आणि विचारलं, ‘काय म्हणालात?’ हे भिंतीकडे बघायला लागले. जणू मी बाईंच्या हातातलं चित्र.

तेव्हापासून रोज सकाळी हे ठिपकीशी बोलतात आणि मी नळ बंद करून खिडकीआड उभी राहते. चहात साखर कमी असते, हे मला कोंबडीकडून कळलं. डाव्या पायात गोळे येतात, हेही. ‘बाई सगळं मोजून करते, पण भांडं बघत नाही’ हे मतही तिलाच ऐकवलं. चाळीस वर्षांच्या संसाराचा हिशेब चोचीच्या प्राण्यापुढे, आणि बायकोने तो आडून ऐकायचा! हा अपमान मी का म्हणून गिळावा? तेव्हा न्याच. टोपली तयार आहे, तळाशी पालाही घातला आहे.

इथेच थांबते. जिने चढू नका.

तुमची
वहिनी

ता. क. टोपलीत पाचच मावतात. ठिपकीला अजून अशक्तपणा आहे, प्रवास झेपायचा नाही.

आणखी एक ता. क. ती ठणठणीत आहे. आज अंडंही दिलं. वर खोटं लिहिलं. खाडाखोड मला आवडत नाही म्हणून राहू दिलं. तिला इथे राहू द्या, वन्सं. मागायची सवय नाही, म्हणून एवढी पानं लागली.

आज सकाळी यांनी तिला विचारलं, ‘रविवारी तू पण जाणार का गं?’ ती बिचारी काय सांगणार. मीच खिडकीतून म्हटलं, ‘नाही.’ यांनी मान वळवली नाही. जरा वेळाने म्हणाले, ‘बरं.’ कोणाला, ते मी विचारलेलं नाही.