आईला विचारलेलं आडनाव

बोल्झानो, ४ मार्च १९८३

ती. इल्दाताईस,
सा. न. वि. वि.

सरकारी घरांच्या कचेरीत मला नोकरी लागली, हे आईने कळवलंच असेल. जागा जर्मन भाषिकांसाठी राखीव होती. शिरगणतीच्या वेळी भाषेच्या फॉर्मवर मी बाबांची जर्मन लिहिली होती. आईची इटालियन लिहिली असती, तर ही जागा मिळाली नसती. दोन्ही लिहायची सोय नाही. इथवर मला काही वाटलं नाही.

गुरुवारी आई माझ्या खिडकीशी आली. बाबा गेल्यावर घर तिच्या नावावर करायचं होतं. मला बघून ती हसली. माझ्या मागेच आमच्या कचेरीचे प्रमुख थालरसाहेब उभे होते. मी मान खाली घातली आणि परक्या बाईला विचारावं तसं इटालियनमध्ये विचारलं की बाईसाहेब, आपलं आडनाव काय. ती झानेल्ला म्हणाली. कागदोपत्री इथे बायका माहेरचंच नाव लावतात, तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं. पण ताई, माझं आडनाव वेगळं, साहेबांना नातं कळणार नाही, म्हणून ते ऐकून मला हायसं वाटलं गं! संध्याकाळी तिने मक्याच्या पिठाचा पोलेंटा वाढला आणि मीठ बेताचं आहे ना विचारलं.

मुलांना पापा. रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा कोन्राड

पादुआ, ११ मार्च १९८३

चि. कोन्राड यास अनेक आशीर्वाद.

तुझे कान उपटायला हात शिवशिवताहेत. फॅसिस्टांनी जर्मन शाळा बंद केल्या तेव्हा बाबांना लहानपणी जर्मन अक्षरं गोठ्यात लपून गिरवावी लागली. शिपाई आले की पाटी गवतात. बाबांच्या जर्मन भाषिकांना पुढे आपल्या प्रांताचा कारभार मिळाला, नोकऱ्यांत वाटा मिळाला, याबद्दल माझी तक्रार नाही. जर्मन लिहिलंस ते ठीक. पण आईला ओळखू नये, असं कुठल्या कलमात आहे?

तुला बोलते खरी, पण मी तरी कुठे सोवळी आहे! इथे सासरी बाबांच्या जर्मन वळणाच्या इटालियनची नक्कल झाली की सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचे. एकदा तर ते शेजारच्या खोलीत होते. त्यांना ऐकू गेलं का, हे आता कुणाला विचारू? आई तर अजून आहे. उद्या ती इथे येतेय. माझ्या हाती निरोप धाडू नकोस, तिला स्वतः लिही.

पाठची बहीण नाही, पाठीशी असलेली,
इल्दा

पादुआ, २० मार्च १९८३

चि. कोन्राड यास आईचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा माफी मागितलीस, एकदा पुरली असती. आता माझंही ऐक. त्या दिवशी तुझ्या कचेरीतून निघताना दाराशी बसलेल्या मुलीने सहज विचारलं की इथे तुमचं कुणी आहे का. मी म्हणाले, कुणी नाही.

तुझी नोकरी राहावी म्हणून तसं म्हणाले, असं इल्दाला सांगितलं. खरं तसं नाही. मला राग आला होता. तुला पुसून टाकावंसं वाटलं. पोटच्या पोराला! घरी येऊन पोलेंटा ढवळताना मीठ एकदा घातलं की दोनदा तेच आठवेना, म्हणून तर मिठाचं विचारलं.

खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घाल. जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी आई

बोल्झानो, २९ मार्च १९८३

ती. आईस,
कृ. सा. न.

सोमवारी थालरसाहेबांकडे गेलो. खिशात राजीनामा होता. त्या दिवशीच्या झानेल्लाबाई माझी आई, असं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला आणि बरं मग, असं विचारलं. त्यांची स्वतःची आई व्हेरोनाची. दर रविवारी मायलेक इटालियनमध्येच भांडतात. फॉर्मवर काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, आईबापांची भाषा कुणी तपासत नाही, हे मला ठाऊक नव्हतं का, असंही त्यांनी विचारलं.

ठाऊक होतं गं आई. भरतीच्या परीक्षेत मी तेच उत्तर लिहून गुण मिळवले होते. म्हणजे त्या खिडकीत मला कुणी धाक घातलाच नव्हता. जे केलं ते माझं मी केलं. कायद्यावर ढकलायलाही जागा नाही. तरी मी राजीनामा पुढे केला, साहेबांनी तो फाडला. वाटलं, ठेवून घेतला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतोय. स्टेशनवर येऊ नकोस, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलंय. ये. भर फलाटावर, सगळ्यांच्या देखत, मला तुला हाक मारायची आहे.

तुझा कोन्राड