डावीकडून सुटलेले एकवीस

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं

प्रिय टोबिन,

आत्तापर्यंत टर्पेंटाइनने बोटं घासत होतो. नखांच्या कडेचा निळा रंग काही निघत नाही. तो कसला, हे तुला सांगायला नको. काल सामन्याच्या तिसऱ्या सत्रात तू मान वर करून आमच्या रांगेकडे पाहिलंस, तेव्हा त्या चादरीचं एक टोक माझ्याच हातात होतं. 'या, २७ नंबरच्या दारातून या, कुलूप नाही.' शर्टावरचा नंबर तुझा, अक्षरं माझी. आमच्या ट्रकवाल्या चाहत्यांत माझ्याइतकं सरळ कुणाला लिहिता येत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे येतं. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

टायरचं दुकान उघडायला अजून पन्नास मिनिटं आहेत. तू फोनचा नंबर बदललास, ते बरंच केलंस. लोक तुला काय काय पाठवत होते ते मला ठाऊक आहे. पण त्यामुळे आता पत्राशिवाय मार्ग नाही. शाळा दहावीतच सुटल्यामुळे शब्दकोश शेजारी घेऊन बसलोय. काही चुकलं तर हसू नकोस.

काल सकाळी नऊलाच आम्ही मैदानाबाहेर ट्रक लावले होते. म्हाताऱ्या मर्लने मागची फळी पाडून शेगडी पेटवली, सॉसेजं लावली, आणि पहिली बिअर फुटायच्या आत तुझा विषय निघाला. मर्ल म्हणाला, "करार झाला, पोट भरलं. आता अंगाला माती लागू देतो कशाला?" आणखी दोघांनी तुझा शर्ट आणला होता. पाठीवरच्या तुझ्या नावावर करड्या चिकटपट्ट्या लावायच्या होत्या; नवा शर्ट घ्यायला पैसे पडतात आणि तुझं नाव तर मिरवायचं नाही. पट्ट्या सरळ लावायला त्यांनी मलाच बसवलं. तेवढ्यात मर्ल ओरडला, "अरे मास्तर, त्या तुझ्या दोस्ताला एक चष्मा पाठव की! बाजूने हत्ती गेला तरी दिसत नाही त्याला." सगळे हसले. मीही हसलो, टोबिन. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो, कारण हसलो नसतो तर कुणीतरी माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं.

मास्तर म्हणतात ते माझ्या वहीमुळे. तुझा प्रत्येक सामना मी उतरवून ठेवतो, शाळेच्या संघापासून. चेंडू घेऊन पळणाऱ्यांपैकी कुणाला पाडलंस, कोण हातून निसटला, कुठल्या बाजूने. मर्ल दर रविवारी विचारतो, "सुटले किती?" आणि मी आकडा सांगतो. या वर्षी नऊ सामन्यांत तेवीस. हाच आकडा त्याने रेडिओवर फोन करून सांगितला आणि मग साऱ्या शहराच्या तोंडी झाला. मी फक्त बेरीज दिली होती. बाजूचा रकाना कुणी विचारला नाही आणि मी दाखवला नाही. तेवीसपैकी एकवीस डावीकडून सुटले आहेत.

शाळेत तू डाव्या टोकाला उभा राहायचास. तुझ्या डाव्या हाताला मैदानाची पांढरी रेघ, तिच्यापलीकडे कुणी नाही. येणारा समोरून नाहीतर उजवीकडून येणार, आणि तुझ्या हातून कुणी निसटायचं नाही. व्यावसायिक संघातही पहिली तीन वर्षं तुला तिथेच ठेवलं. तिन्ही वर्षांत मिळून सुटलेले अकरा. या उन्हाळ्यात त्यांनी तुला मधे, सगळ्यांच्या मागे नेऊन उभं केलं. तिथे दोन्हीकडून माणूस येतो आणि तुझ्यामागे कुणी नसतं. लोकांना वाटतं तू माजलास. कोच पत्रकारांना म्हणाला की तुझी जिद्द संपली. माझ्याकडे त्याचं उत्तर पहिल्या सामन्यापासून होतं, आणि मी चादर रंगवत बसलो.

चार जुलैची ती फटाक्यांची संध्याकाळ तू एकदाही तोंडावर आणली नाहीस. आपण बारा वर्षांचे होतो. बाटली आडवी करू नको, असं तू दोनदा म्हणालास. मी ती आडवी केली आणि बाण पेटवला. तू डाव्या डोळ्यावर हात दाबून खाली बसलास आणि पहिलं वाक्य बोललास ते हे, "तुझ्या बाबांना कळलं तर ते तुला सोडायचे नाहीत." मग तूच ठरवलंस की नासपतीच्या झाडावर चढताना फांदी लागली. डॉक्टरांनाही तेच सांगितलंस. त्यांनी वरवरचं खरचटणं पाहिलं, थेंब दिले आणि घरी पाठवलं. भाजलंय, आत मार बसलाय, असं कळलं असतं तर त्यांनी आणखी आत पाहिलं असतं का, हे मी तेरा वर्षं स्वतःला विचारतोय. समोरचा अक्षरांचा तक्ता तू आजही घडाघडा वाचतोस, त्यामुळे संघाच्या तपासणीत कधी काही निघालं नाही. डाव्या कडेचा अंधार फक्त आपल्या दोघांना माहीत आहे.

तुझ्या आईने ते झाड तोडायला लावलं. तुझ्या वडिलांनी लावलेलं, त्यांच्या मागे उरलेलं एकच झाड. लाकडं रचायला मी गेलो होतो. काम झाल्यावर तिनं मला नासपतीचा केक खायला दिला, वर मलईही घातली, आणि म्हणाली, "वेंडेल, तू होतास म्हणून तो घरी तरी पोचला." मी तो सगळा खाल्ला. माझ्या बाबांनी घराबाहेर काढल्यावर त्याच घरात मी दोन हिवाळे झोपलो, हेही तुला माहीतच आहे.

आज सकाळी रेडिओवर म्हणाले की उद्या चार वाजेपर्यंत संघ यादीतून नावं कमी करणार आणि पहिलं नाव तुझं आहे. तू कोचला काही सांगणार नाहीस. लोक म्हणतील कराराच्या भीतीनं, पण डोळ्याचा विषय निघाला की तुझी आई कधीपासून आणि कशानं हे विचारणार, म्हणून तू तोंड मिटून जाशील हे मला दिसतंय. तसं करू नकोस. डॉक्टरकडे जा, कोचला सगळं सांग, आणि परत डाव्या टोकाला उभं करा म्हण. ऐकतील की नाही, मला सांगता येत नाही. डोळ्याचं ऐकून ते तुला कायमचं घरीही बसवतील. पण काहीच न बोलता तू गेलास तर या शहरात तू आळशी म्हणूनच राहशील, आणि ते खरं नाही. बारा वर्षांची वही यासोबत देतोय, बाजूच्या रकान्यासकट. कोचसमोर ठेव.

आणि आईचं. ती आज दुपारी तुझ्याकडे यायला निघणार आहे. अकरा वाजता मी तिच्या घरी जाऊन हे पत्र तिच्या हातात देणार आहे. पाकीट मी चिकटवलेलं नाही. तुझ्याआधी तिनेच वाचावं असं मी तिला सांगणार आहे, आणि तिचं वाचून होईपर्यंत समोरच उभा राहणार आहे.

अजून म्हणू देशील तर,
तुझाच
वेंडेल