युंगफ्राऊखालची पिवळी ओढणी

मेडनहेड

प्रिय मंजू,

मोबाइलच्या जमान्यात हे कागदी पत्र बघून हसशील. हस. माझी पिवळी ओढणी कॉलेजपासून लाटून बसलेल्या बाईने खुशाल हसावं.

तू स्वित्झर्लंडमध्ये, वेंगेनच्या हॉटेलात आपल्याकडच्या टूरवाल्यांना पोहे करून घालतेस हे कळल्यापासून मला वेडच लागलंय. इथल्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर तुमच्या गावाचा वेबकॅम लावून बसते. वर युंगफ्राऊ, खाली तुमची लाकडी घरं, दरीपलीकडे म्युरेन गाव. बहुतेक वेळा नुसते ढग. परवा मात्र शिखर लख्ख उघडलं आणि खालून तू चाललेली दिसलीस. त्या फताड्या चालीवरूनच ओळखलं. मान खाली, हातात पिशवी, वर ढुंकूनही बघितलं नाहीस! इतका राग आला तुझा. मग रडूच आलं.

पुष्कर मजेत आहे. सगळ्यांना आवडतो, माझ्या आईला तर हा जावई फारच. तो ओरडत नाही, हात उगारत नाही. आमच्या डोअरबेलला कॅमेरा आहे. मी बाहेर पडले की त्याला तिकडे रीडिंग शहरातल्या ऑफिसात कळतं आणि कुठे निघालीस, असा गोड मेसेज येतो. माझा फोन रोज तोच चार्जिंगला लावतो, आधी वाचून. तुमच्याकडे यायची आमची ट्रिप ठरली होती, व्हिसाही आले होते. मी टॅक्सीवाल्याशी हसून बोलले म्हणून आदल्या दिवशी रद्द केली आणि पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये कुलपात गेले. आईला सांगितलं, तर म्हणाली, काळजी करतो गं तुझी. मी अडकलेय, मंजू. दूध आणायला गेले तरी उत्तर तयार ठेवावं लागतं.

काल तो ड्रॉवर चुकून उघडा राहिला. माझा पासपोर्ट आता आईने पाठवलेल्या भाजणीच्या डब्यात आहे. भाजणीने त्याला शिंका येतात, तो डबा तो कधी उघडत नाही. व्हिसा या महिनाअखेरपर्यंत चालतो.

म्हणून हे पत्र. फोन करू नकोस, मेसेज तर नकोच. तुझ्या खोलीत मला जागा असेल, तर पुढच्या गुरुवारी सकाळी ती ओढणी घेऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहा. मी बघत असेन. ओढणी दिसली की फोन लायब्ररीच्या टेबलावर ठेवून तडक एअरपोर्ट गाठेन. माझा फोन कुठे आहे ते तो नकाशावर बघत असतो; त्यावर त्याला मी दिवसभर पुस्तकं वाचताना दिसेन. नाहीच दिसली, तर ढग होते असं समजेन आणि शुक्रवारी पुन्हा बघेन.

तुझीच,
ओढणीची मालकीण
देवयानी