‘थांबा’ म्हटल्यावर

प्रिय बडबडे,

तुझ्या नाटकाचं दार दुरुस्त झालंय. बिजागरी चांगली होती, चौकटच वाकलेली. दर प्रयोगाला तुझा तो रंगमंचावरचा नवरा एवढं आपटतो, मग लाकूड तरी किती सोसणार? रंधा मारून, आतून पट्टी ठोकून ठेवलंय.

परवाचा प्रयोग अजून डोळ्यांपुढून हलत नाही. शाळेशी माझं लवकर बिनसलं, तुझ्या कविता मी बोट ठेवून ठेवून वाचतो. पण परवा कविता म्हणता म्हणता तू नाटकातल्या घरातली सून कधी झालीस, कळलंच नाही. त्या नवऱ्याने हात उगारला. तुमची रीतच अशी, की प्रेक्षकांतून कुणी ‘थांबा!’ म्हटलं की सगळे जागच्या जागी थिजतात, आणि म्हणणाऱ्याने वर येऊन गोष्ट बदलायची. म्हणणारा म्हातारा नेमका तुझाच बाप निघाला! वर आलो, तिथलाच पाण्याचा पेला उचलला. “जावईबापू, आधी पाणी प्या,” एवढंच म्हणालो. तो गुणी पोरगा खाली बसला, पाणी प्यायला, मान खाली घातली. काय टाळ्या पडल्या! तुझी आई म्हणाली, “घरात ह्यांचा कधी एवढा आवाज निघाला नाही तो!” घरी येईपर्यंत माझी छाती फुगलेली.

तुझ्या ताईने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. मनगटाला पट्टी होती ना. आठवडाभर आमच्याकडेच होती. जिन्यावरून पडले म्हणाली. तळमजल्यावर राहते गं ती.

आज सकाळी जावई तिला न्यायला आले. मी दार अडवून उभा राहिलो आणि म्हणालो, “थांबा.” कुणीच थिजलं नाही. मग पाणी पुढे केलं. ते शांतपणे प्यायले, “बाबा, उशीर होतोय,” म्हणत रिकामा पेला माझ्याच हातात दिला आणि तिची बॅग उचलली. जाताना ताईच मला म्हणाली, “जपा हं.” तेव्हापासून ती फोन उचलत नाही.

तू लोकांना विचारत फिरतेस, इथे तुम्ही काय कराल म्हणून. आज मी तुला विचारतो, बाळा. त्याचं पाणी पिऊन झाल्यावर काय म्हणायचं असतं? दाराचं आपलं निमित्त. टेम्पो पाठवू नकोस, तू ये.

तुझाच,
अजून दारातच उभा,
बाबा